शेवट नसलेले पान

काही शब्द आपण आयुष्यभर वापरतो. परंतु त्यांच्या पोटात काय दडले आहे याची कधी विचारपूस करीत नाही. ‘व्यसन’ हा शब्द त्यांपैकीच एक. ‘वि’ हा उपसर्ग आणि फेकणे या अर्थाचा ‘अस्’ हा धातू यांपासून तो संस्कृतात घडला. दूर फेकणे, विखरून टाकणे हा त्याचा मूळचा भाव. पुढे त्याला संकट, ऱ्हास, दुर्गुण असे अर्थ येऊन मिळाले. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांच्या विचारासाठी राखून ठेवले आहे. तेथे राज्यावर कोसळणारी आपत्ती हेही व्यसन आणि राजाची मृगया, द्यूत, स्त्री व मद्य यांविषयीची आसक्ती हेही व्यसनच. व्यसनी मनुष्य हा प्रथम विखुरलेला मनुष्य असतो, असे जणू त्या शब्दातच निदान करून ठेवले आहे.

सेमिनरीत लॅटिनचे धडे गिरवताना दुसरा एक शब्द भेटला. रोमचा बारा फलकांचा कायदा ख्रिस्तपूर्व ४५० च्या सुमाराचा. कर्ज मान्य असूनही ते तीस दिवसांच्या मुदतीत न फेडणाऱ्या ऋणकोला त्या कायद्याप्रमाणे न्यायाधीशासमोर उभे करीत. आणि त्याच्यासाठी कोणी जामीन राहिला नाही, तर त्याला धनकोच्या स्वाधीन केले जाई. धनको त्याला बेड्या घालून साठ दिवसांपर्यंत आपल्या ताब्यात ठेवू शके. असा जो दुसऱ्याच्या स्वाधीन झालेला मनुष्य, त्याला ‘अ‍ॅडिक्टुस’ म्हणत. इंग्रजीतील ‘अ‍ॅडिक्ट’ हा शब्द तेथून आला.

एक शब्द माणूस कसा बिघडू लागतो ते सांगतो. दुसरा तो शेवटी कोठे जाऊन पोहोचतो ते सांगतो. आधी विखुरणे आणि मग स्वाधीन होणे. गेली काही वर्षे धर्मग्रामात वावरताना हे दोन शब्द मला पुनःपुन्हा आठवतात. आणि ते दारूच्या गुत्त्यापाशी नव्हे, तर चांगल्या, सुशिक्षित, जपमाळ न चुकवणाऱ्या घरांच्या ओटीवर आठवतात.

व्यसन ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील आमच्या वाड्यांनी ताडी पाहिली, गावठी पाहिली, मटक्याचे आकडेही पाहिले. त्यांनी किती संसार धुळीला मिळवले हे सांगायला जुनी माणसे अजून हयात आहेत. परंतु त्या व्यसनांना एक जागा होती, एक वेळ होती, एक वास होता. गुत्ता कोठे आहे हे सर्वांना ठाऊक असे. वडिलांचे पाऊल उंबरठ्यावर कसे पडते यावरून आतल्या माऊलीला सारे समजत असे. रोग दिसत होता. म्हणून त्याच्याशी भांडताही येत होते. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी दोन मद्यासक्तांनी एकमेकांच्या आधाराने ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ सुरू केली. ‘मी मद्यपी आहे’ असे चारचौघांत म्हणणे हे तिचे पहिले पाऊल. जे दिसते, ज्याला नाव आहे, त्याचाच असा उच्चार करता येतो.

आणखीही एक गोष्ट होती. त्या काळी करमणूक संपत असे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांत आमच्या आळीतल्या एखाद्या घरी कृष्णधवल संच आला. सगळी आळी त्या एका घराच्या पडवीत जमत असे. छायागीत आठवड्यातून एकदा. रात्री ठरावीक वेळी प्रक्षेपण बंद होई, पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसू लागत आणि माणसे चपला शोधत घरी परतत. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी रामायण मालिका लागू लागली, तेव्हा रस्ते ओस पडत. पण तो भाग संपला की पुढच्या रविवारपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. पुस्तकाला शेवटचे पान होते, वर्तमानपत्र चहाच्या कपाबरोबर संपत होते, कंदिलातले रॉकेल संपत होते. हे सारे आपण कमतरता म्हणून सोसले. त्या कमतरतेत एक उपकार दडलेला होता, तो हा की थांबण्याचा निर्णय आपल्याला घ्यावा लागत नव्हता. वस्तूच आपल्या वतीने थांबत होती.

आजच्या युगाने नेमका हा शेवट काढून टाकला आहे. आणि हे आपोआप घडलेले नाही.

२००६ साली अझा रास्किन नावाच्या एका तरुण अमेरिकन रचनाकाराने संगणकाच्या पडद्यासाठी एक सोय शोधून काढली. तोपर्यंत एक पान वाचून झाले की पुढच्या पानासाठी कळ दाबावी लागे. त्याने अशी युक्ती केली की पान खाली सरकवत गेले की पुढचा मजकूर आपोआप येऊन जोडला जावा. पानाला तळच राहू नये. वाचकाचे श्रम वाचावेत हा त्याचा हेतू. पण ते कळ दाबणे म्हणजे एक छोटा उंबरठा होता. त्या उंबरठ्यावर मन क्षणभर थबकत असे आणि स्वतःला विचारत असे, ‘पुरे का आता?’ उंबरठा गेला आणि तो प्रश्नही गेला. या सोयीचे पुढे काय झाले हे पाहून तिच्या जनकाने २०१८ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमात उघडपणे खेद व्यक्त केला. त्यानंतर एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होऊ लागली. २००७ साली आयफोन आला आणि पडदा खिशात शिरला. २००९ साली फेसबुकवर पसंतीचा अंगठा आला. आपल्या देशात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले आणि शेवटचा राहिलेला बांध, म्हणजे खर्चाचा, तोही फुटला. जे पूर्वी मोजून मिळत होते ते आता पाण्यासारखे वाहू लागले.

परंतु पान संपत नाही एवढ्यावरून कोणी ते तासन्‌तास सरकवत राहत नाही. त्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते मानसशास्त्राला या यंत्रांच्या कितीतरी आधी कळले होते. हार्वर्ड विद्यापीठातील बी. एफ. स्किनर या शास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारताच दर वेळी दाणा मिळत असेल तर पोट भरल्यावर कबूतर स्वस्थ बसते. आणि दाणा येणे बंद झाले तर लवकरच तो नाद सोडते. पण दाणा कधी तिसऱ्या टोच्याला, कधी तिसाव्या टोच्याला असा बेभरवशाने मिळू लागला की ते टोचा मारीतच राहते. आणि पुढे दाणा पूर्ण बंद केला तरी फार काळ थांबत नाही. जुगाराच्या यंत्राचे सारे रहस्य यात आहे. मोबाईल उचलताना आपली बोटे तेच करतात. नऊ वेळा काही नसते. दहाव्या वेळी कुणाचा तरी निरोप, कुणाची तरी शाबासकी, एखादे गमतीचे चित्र असते. आपल्याला बांधून ठेवते ते त्या दहाव्या वेळचे सुख नव्हे, तर ते केव्हा येईल याची अनिश्चितता.

हे सारे अजाणता घडले असे म्हणण्याचीही आता सोय उरलेली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितले, की लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि अवधान कसे घ्यावे याच विचारातून ही माध्यमे घडवली गेली, आणि मानवी मनाच्या एका कच्च्या जागेचा त्यात जाणूनबुजून वापर केला गेला. हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने १९७१ सालीच म्हणून ठेवले होते, की माहिती वाढते तेव्हा तिला लागणारे अवधान दुर्मीळ होते. जे दुर्मीळ त्याला बाजारात किंमत. आपल्याला ही माध्यमे फुकट मिळतात असे वाटते. पण बाजार भरला आहे तो आपल्या अवधानाचा. आणि अवधानाखेरीज आपल्यापाशी आहे तरी काय? प्रार्थना अवधानानेच होते, आईचे दुखणे अवधानानेच कळते, मुलाच्या आवाजातला बदल अवधानानेच ऐकू येतो.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी आजारी माणसांना कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जातो. एका घरी एक आजीबाई आहेत. वय ऐंशीच्या पुढचे. एकदा सहज म्हणालो, “आजी, टीव्ही मोठ्याने लावून ठेवता. मालिका आवडतात वाटतं?” त्या म्हणाल्या, “नाही हो फादर. मला दिसत नाही नि ऐकूही येत नाही धड. पूर्वी टीव्ही लागला की मुलं, सुना, नातवंडं या खोलीत येऊन बसायची. म्हणून लावते. आता कोणी येत नाही. ज्याचा त्याचा हातात आहे.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. मला आठवले, नव्वदच्या दशकात व्यासपीठावरून याच टीव्हीवर केवढी टीका होत असे. त्या टीकेत तथ्य होतेच. संध्याकाळची जपमाळ त्याने मागे ढकलली हे खरे आहे. पण तो संच निदान घरातल्या माणसांना एका भिंतीकडे तोंड करून बसवत होता. एकाच विनोदाला सारे घर हसत होते. आता चार माणसे चार पडद्यांवर चार निरनिराळ्या गोष्टींना हसतात, आणि पलीकडच्याला हसू कशाचे आले हेही कळत नाही. विखुरणे म्हणजे आणखी काय असते?

हे झाले विखुरण्याचे. स्वाधीन होणे म्हणजे काय, ते मी एका तरुणाच्या रूपाने पाहिले. हा मजकूर पापनिवेदनाच्या जाळीमागचा नाही. तो आईला घेऊन कार्यालयात आला होता आणि नाव न लिहिता हे इतरांना सांगावे, असे त्यानेच मला सांगितले आहे. मुलगा शिकलेला, अंधेरीच्या एका कंपनीत बऱ्या पगारावर. सकाळची विरार लोकल, संध्याकाळची परतीची लोकल, मिळून तीन तासांचा प्रवास. गर्दीत उभ्या उभ्या विरंगुळा म्हणून त्याने मोबाईलवर रमी खेळायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात काही शे रुपये जिंकला. दीड वर्षात साडेचार लाख रुपये गेले. पगार पुरेना म्हणून मोबाईलवरूनच झटपट कर्जे घेतली. एक फेडायला दुसरे, दुसरे फेडायला तिसरे. शेवटी वसुलीवाले त्याच्या मोबाईलमधले क्रमांक शोधून नातेवाइकांना, ऑफिसातल्या सहकाऱ्यांना, इतकेच काय त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनाही फोन करू लागले. लग्न मोडले. आईने हातातल्या बांगड्या विकल्या तेव्हा कुठे घराला कळले.

मी त्याला विचारले, “अरे, हरतो आहेस हे दिसत होते, तर थांबला का नाहीस?”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “फादर, जिंकायचं होतं असंही नाही. जिंकलो तरी बंद करत नव्हतो. डाव संपला की लगेच दुसरा समोर यायचा. मध्ये थांबायला जागाच नव्हती.”

आई मध्येच म्हणाली, “दारू प्यायला असता तर मला वास तरी आला असता, फादर.”

बारा फलकांच्या कायद्यातला तो बेड्या घातलेला ऋणको मला त्या दिवशी टेबलापलीकडे बसलेला दिसला. अडीच हजार वर्षांनी शब्द आपल्या मूळ अर्थावर परत आला होता: नाद लागलेला मनुष्य आणि सावकाराच्या स्वाधीन झालेला मनुष्य, दोन्ही एकच. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या मुलाच्या आईने मला मुद्दाम गाठून ही बातमी सांगितली. “थोडा आधी झाला असता,” एवढेच ती म्हणाली. मुलगा अजून कर्ज फेडतो आहे. दर रविवारी मिस्सेला येतो आणि मागच्या बाकावर बसतो.

असे प्रसंग पाहिले की आपल्यातील काही वडीलधारी मंडळी म्हणतात, “इच्छाशक्ती पाहिजे, फादर. आमच्या वेळी होती, आजच्या पोरांत नाही.” मला हे निदान पटत नाही, आणि ते न पटण्याचे कारण मी ख्रिस्तसभेच्याच जुन्या ग्रंथांत वाचले आहे.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या सहाव्या भागात अलिपियस या मित्राची हकीकत सांगितली आहे. रोममध्ये कायद्याचा अभ्यास करणारा हा तरुण तलवारबाजांच्या रक्तरंजित झुंजींचा तिटकारा करी. एके दिवशी मित्रांनी त्याला बळेच आखाड्यात ओढून नेले. त्याने बजावले, की तुम्ही माझे शरीर तेथे न्याल, मन नेऊ शकणार नाही; आणि तो डोळे घट्ट मिटून बसला. पण कान मिटता येत नाहीत. एक योद्धा कोसळला, हजारो लोकांनी एकदम आरोळी ठोकली आणि काय झाले एवढेच पाहावे म्हणून अलिपियसने डोळे उघडले. बस्स, तो खेचला गेला. पुढे तो स्वतः जाऊ लागला, एवढेच नव्हे तर इतरांनाही नेऊ लागला. त्याची इच्छाशक्ती दुबळी नव्हती. तिच्यावरच तो विसंबला, हीच अडचण होती. जेथे सारी रचनाच डोळे उघडायला लावण्यासाठी उभारलेली असते, तेथे एकट्याने डोळे मिटून बसणे पुरत नाही. हाच अलिपियस पुढे सुधारला, ऑगस्टीन यांच्याबरोबर त्याने स्नानसंस्कार घेतला आणि तो थगास्ते येथे बिशप झाला, हेही येथे सांगितले पाहिजे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या तपस्व्याने तर आपले आजचे चित्रच रेखाटून ठेवले आहे. दुपारच्या प्रहरी साधूला एक मरगळ ग्रासते, असे तो लिहितो. सूर्य पुढे सरकतच नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे असे त्याला वाटू लागते. मग तो सारखा खिडकीकडे पाहतो, कोठडीबाहेर येऊन सूर्य किती कलला ते पाहतो, कोणी बंधू भेटायला येतो आहे का म्हणून इकडेतिकडे नजर टाकतो. हातातले काम नकोसे होते, आहे ती जागा नकोशी होते. पूर्वसूरींनी या अवस्थेला माध्यान्हीचे भूत म्हटले. फरक एवढाच, की त्या साधूच्या खिडकीबाहेर वाळवंट होते. तो दहा वेळा पाही आणि दहाही वेळा वाळूच दिसे; शेवटी कंटाळून तो कामाला लागे. आपल्या हातातल्या खिडकीबाहेर नेहमी कोणी ना कोणी उभे असते.

वाळवंटातल्या आणि पुढे मठांतल्या या लोकांनी औषध काय योजले? त्यांनी मनाला फक्त उपदेश केला नाही. त्यांनी दिवसाला थांबे दिले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत प्रार्थना, हातांचे काम, वाचन, जेवण, झोप यांचे तास ठरवून दिले आणि खूण होताच हातातले काम जसे असेल तसे ठेवून उठावे असे सांगितले. आपल्या गावातली आंजेलूसची घंटा त्याच परंपरेतली. सकाळी, दुपारी, सायंकाळी ती वाजली की वाडीत पाणी लावणारा मनुष्य पाणी तसेच ठेवून उभा राहत असे, हे मी लहानपणी पाहिले आहे. घंटा प्रार्थनेसाठी होती हे खरे. पण तिने दिवसाला कडा आणल्या होत्या. जुन्या करारात तर शब्बाथाची आज्ञा याहून मोठ्या कारणासाठी दिलेली दिसते. अनुवादाच्या ग्रंथात परमेश्वर इस्राएलला आठवण देतो, की तू इजिप्तमध्ये गुलाम होतास. म्हणून सातव्या दिवशी तू थांब, तुझ्या दासदासींनाही थांबू दे. गुलामाला थांबता येत नाही. थांबता येणे हे मोकळ्या माणसाचे लक्षण आहे.

ही गोष्ट केवळ धर्मग्रंथांतली आहे असे कोणी समजू नये. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तेथे २०२२ सालच्या ऑगस्टपासून ग्रामपंचायतीने एक प्रयोग सुरू केला. संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. साडेआठला पुन्हा भोंगा होतो. ही बातमी वाचली तेव्हा मला आमच्या चर्चच्या घंटेची आठवण झाली. त्या गावाने कोणाला एकट्याने डोळे मिटायला सांगितले नाही. साऱ्या गावाने मिळून आखाडाच दीड तास बंद ठेवला. एका घरात मोबाईल बंद केला तर मूल रडते, की शेजारच्याचा चालू आहे. सगळ्यांचाच बंद असेल तर ते अंगणात खेळायला जाते.

जगालाही याची निकड जाणवू लागली आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसरोग संस्थेने २०१४ सालीच यंत्रांच्या अतिरेकी वापराने त्रस्त झालेल्यांसाठी स्वतंत्र उपचार-विभाग उघडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात संगणकी खेळांच्या अनावर नादाला विकार म्हणून स्थान दिले. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा केला. म्हणजे आपले मूल बिघडले म्हणून ज्या आया एकट्याने डोळे पुसतात, त्यांनी जाणावे, की हा त्यांच्या एकट्या घराचा दोष नाही. ज्यांना मदत हवी आहे त्यांनी डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

यावरून कोणी असेही समजू नये, की हे यंत्र सैतानाचे आहे. आपल्या धर्मग्रामातली कितीतरी मुले जहाजांवर, आखातात, कॅनडात आहेत. आजारी आईला मुलाचा चेहरा दिसतो तो या पडद्यावरच. २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद होती, तेव्हा वृद्धांनी घरबसल्या मिस्सा पाहिली ती या पडद्यावरच. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अक्युटिस या मुलाला संतपद बहाल केले. संगणकात कमालीचा पारंगत असलेल्या या मुलाने ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची माहिती देणारे संकेतस्थळ तयार केले होते. त्याला इतर मुलांप्रमाणे खेळाच्या यंत्राचीही आवड होती. पण त्यासाठी त्याने आठवड्यातून एक तास एवढीच मर्यादा स्वतःला घालून घेतली होती. पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने तो गेला, ते साल २००६. म्हणजे ज्या वर्षी पडद्यावरच्या पानाचा तळ नाहीसा झाला तेच. त्या मुलाने यंत्र टाकले नाही. त्याने त्याला तळ घालून दिला.

आपल्याला एवढे करता येईल. जेवणाच्या पानावर मोबाईल नको, आणि हा नियम वडिलांनाही लागू असावा. रात्री तो उशाशी नको. बाहेरच्या खोलीत एका ठरलेल्या कोनाड्यात सगळ्यांचे मोबाईल एकत्र झोपावेत. संध्याकाळची जपमाळ पुन्हा सुरू करताना ‘मुलांनो, या’ असे म्हणण्याआधी मोठ्यांनी आपला पडदा मिटावा. आणि आळीतल्या पाच-दहा घरांनी मिळून एक वेळ ठरवावी, कारण अलिपियसप्रमाणे एकटे बसण्यात धोका आहे. ज्या घरात थकलेली आजी आहे, त्या घराने तो वेळ तिच्या खोलीत घालवावा. तिथे टीव्ही लावण्याचीही गरज नाही.

शेवटी पुन्हा एका शब्दाकडेच येतो. आपण रविवारी ज्या उपासनेला जातो तिला पिढ्यान्‌पिढ्या ‘मिस्सा’ म्हणतो. अर्पणाला, भोजनाला, वचनाला तिच्यात इतके मोठे स्थान आहे. पण नाव मात्र यांपैकी कशावरूनही पडलेले नाही. लॅटिन उपासनेच्या अखेरीस धर्मगुरू लोकांना निरोप देत असे, त्या निरोपाच्या वाक्यात ‘मिस्सा’ हा शब्द होता आणि तोच साऱ्या उपासनेचे नाव झाला. आता जा, तुम्हाला पाठवले आहे, असा त्या निरोपाचा आशय. ख्रिस्तसभेने आपल्या सर्वांत पवित्र गोष्टीचे नाव तिच्या शेवटावरून ठेवले. प्रभू आपल्याला एका तासासाठी बोलावतो आणि मग मोकळे करून घरच्या माणसांकडे पाठवतो. जो आपल्याला कधी निरोपच देत नाही, तो यजमान कितीही गोड वाटला तरी तो यजमान नव्हे. तो बारा फलकांतला धनको आहे, हे आपण आपल्या मुलांना वेळीच सांगितले पाहिजे.